दवाखाना वर्गणीतून नको, बजेटमधून हवा

आपल्या मोहल्ल्यांना एक चांगली सवय आहे, आणि आज मला तिच्याविरुद्ध लिहायचं आहे. कुणाचं डायलिसिस अडलं की व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड फिरतो. जुम्म्याच्या नमाजनंतर दारात रुमाल पसरला जातो. रविवारी शाळेच्या हॉलमध्ये मोफत तपासणीचं शिबिर लागतं. एक ट्रस्ट ॲम्ब्युलन्स घेतो, दुसरा व्हीलचेअर वाटतो. कोविडच्या दिवसांत तर आपल्या पोरांनी सिलिंडर वाहिले, मय्यती उचलल्या, आणि तेव्हा कुणाला जात-धर्म विचारला नाही. ही खिदमत थांबावी असं मी म्हणत नाही.

पण या खिदमतीच्या आडोशाला महानगरपालिका निवांत बसली आहे. ज्या गोष्टींसाठी आपण रुमाल पसरतो, त्यातल्या बऱ्याचशा पुरवणं हे तिचं काम आहे, कायद्याने नेमून दिलेलं. त्याचे पैसे आपण करातून एकदा भरलेले आहेत. तेच पैसे आपण वर्गणीतून दुसऱ्यांदा भरतो आणि पहिल्या पैशांचा हिशेब मागायचा विसरून जातो.

मुंबईचं उदाहरण घेते, कारण देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका तिथे आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ चा. त्याच्या कलम ६१ मध्ये पालिकेने करायलाच हवीत अशा कामांची यादी आहे आणि सार्वजनिक दवाखाने, रुग्णालये त्या यादीत आहेत. मर्जीने करायची कामं वेगळी, ती कलम ६३ मध्ये. पुढे ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आणली. शहरांच्या संस्थांकडे सोपवायच्या १८ कामांत सार्वजनिक आरोग्य आहे, झोपडपट्टी सुधारणा आहे, नागरी गरिबी हटवणं आहे आणि दिव्यांगांसह दुर्बल घटकांच्या हिताचं रक्षणही आहे. म्हणजे दवाखाना मागणं ही विनवणी नव्हे. कागदावर लिहिलेलं येणं वसूल करणं आहे.

आता पैशांकडे पाहू. २०२२-२३ मध्ये मुंबई पालिकेचा अर्थसंकल्प सुमारे ४५,९४९ कोटी रुपयांचा होता. २०२५-२६ मध्ये तो सुमारे ७४,४२७ कोटींवर गेला. तीन वर्षांत २८ हजार कोटींहून जास्त वाढ. त्यातले जवळपास ५८ टक्के भांडवली कामांसाठी, म्हणजे रस्ते, पूल, बोगदे, मोठे प्रकल्प. आरोग्याला साधारण १० टक्के. पालिकेकडे पैसा नाही ही सबब इथेच संपते. पैसा आहे. आधी कोणाला आणि नंतर कोणाला, हा प्रश्न आहे.

हे ठरवलं कोणी? ७ मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर जवळपास चार वर्षं मुंबईत निवडून आलेली पालिका नव्हती. घटनेचं कलम २४३-यू सांगतं की मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. तरीही २०२३-२४, २०२४-२५ आणि २०२५-२६ हे तीन अर्थसंकल्प प्रशासकाने मांडले आणि प्रशासकानेच मंजूर केले. स्थायी समिती नाही, सभागृह नाही, प्रश्न विचारणारा विरोधी पक्षनेता नाही. याच काळात आमदार-खासदारांच्या शिफारशीने पालिकेचा विकासनिधी देण्याचं धोरण आलं. जानेवारी २०२४ मध्ये एका इंग्रजी दैनिकाने कागदपत्रांच्या आधारे दाखवलं की सुमारे ५०० कोटी सत्ताधारी आमदारांच्या मतदारसंघांत गेले आणि निधी मागणाऱ्या विरोधी आमदारांचे हात रिकामे राहिले. गटार कुणाच्या गल्लीत बांधायचं हे आमदाराचा पक्ष पाहून ठरणार असेल, तर त्याला नियोजन म्हणायचं तरी कसं?

हा हिशेब पैशांपुरता राहत नाही. एम पूर्व विभाग घ्या: गोवंडी, मानखुर्द, शिवाजी नगर, बैंगनवाडी, चीता कॅम्प. शहराचा कचरा १९२७ पासून देवनारला येऊन पडतो तो हाच भाग. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात तेव्हाच्या २४ विभागांत हा विभाग तळाला होता, निर्देशांक ०.०५. शहराने स्वतःच आपल्या या भागाला दिलेले ते गुण होते. त्यानंतर कोणी कशाला प्राधान्य दिलं, हे २०२२ च्या हिवाळ्यात दिसलं.

त्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस गोवंडीच्या रफी नगरमध्ये एकाच कुटुंबातली तीन मुलं दोन दिवसांत गेली. संशय गोवराचा होता. नोव्हेंबरमध्ये केंद्राचं पथक आलं आणि एम पूर्व हा साथीचा केंद्रबिंदू ठरला. गोवर हा काही नवा, अनोळखी आजार नाही. लस स्वस्त आहे, जुनी आहे, नऊ महिन्यांच्या बाळाला पहिला आणि दीड वर्षाच्या आसपास दुसरा डोस द्यायचा असतो. साथ थोपवायची तर शंभरातल्या ९५ मुलांना दोन्ही डोस मिळावे लागतात. त्यासाठी दारोदार फिरणारी माणसं लागतात. ते काम पालिकेच्या आरोग्य स्वयंसेविका करतात. त्यांना पगार नसतो, मानधन असतं, आणि किमान वेतन व पेन्शनसाठी त्या वर्षानुवर्षं आझाद मैदानाच्या वाऱ्या करत आल्या आहेत.

त्याच हिवाळ्यात मुंबईच्या सुशोभीकरणाचा प्रकल्प सुरू झाला. आकडा सांगितला गेला सुमारे १,७०० कोटींचा. पुलांच्या खांबांवर रंग चढले, स्कायवॉकवर रोषणाई झाली, झाडांच्या बुंध्यांना दिव्यांच्या माळा गुंडाळल्या गेल्या. डिसेंबरमध्ये जी-२० चे पाहुणे आले तेव्हा वस्त्यांपुढे पडदे उभे राहिल्याची छायाचित्रं छापून आली. एका बाजूला गोवराने तापलेली मुलं, दुसऱ्या बाजूला दिव्यांनी उजळलेली झाडं. दोन्ही एकाच पालिकेच्या हद्दीत, एकाच आर्थिक वर्षात.

तेव्हा बातम्यांतून एक सूर निघाला की मुसलमान वस्त्यांत लोक लस घेत नाहीत. काही घरांत भीती होती, हे खरं आहे. पण भीती घालवायला ओळखीचा चेहरा लागतो, पुन्हा पुन्हा दारात येणारा. चार गल्ल्या ओलांडल्यावर एक केंद्र, त्याची वेळ दुपारपर्यंत आणि आई मजुरीला गेलेली, अशा ठिकाणी चुकलेल्या डोसाला धर्माचं नाव देणं सोपं असतं. स्वयंसेविकेचं वेतन वाढवणं तेवढं सोपं नसतं.

राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाचा निकष आहे ५० हजार लोकांमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र. २०११ च्या जनगणनेत एम पूर्वची लोकसंख्या ८ लाखांवर होती. त्या जुन्या आकड्यानेही किमान १६ केंद्रं होतात. माझं म्हणणं आहे की तुम्ही जिथे राहता तिथे हा भागाकार स्वतः करा. मग चालत जाऊन मोजा: केंद्रं किती, डॉक्टर किती वाजेपर्यंत बसतात, रक्त तपासणी तिथे होते की बाहेरची चिठ्ठी मिळते. 'आपला दवाखाना' ही योजना नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झाली. रात्री दहापर्यंत मोफत उपचार ही चांगलीच गोष्ट आहे, मी तिचं स्वागत करते. पण ताप-खोकल्याचं केंद्र असणं वेगळं आणि बाळंतपण, शस्त्रक्रिया, अतिदक्षता यांची सोय असणं वेगळं.

या मोठ्या सोयींचं काय चाललं आहे? गोवंडीचं शताब्दी रुग्णालय आणि मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमधलं रुग्णालय खासगी भागीदारीत चालवायला देण्यासाठी पालिकेने २०२५ मध्ये निविदा काढल्या. जमीन पालिकेची, इमारत पालिकेची, रुग्ण आपले, आणि चालवणारा खासगी. कामगार संघटना आणि स्थानिक संघटना त्याविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. भागीदारीच्या कागदावर गरिबांसाठी राखीव खाटा असतात हे मला माहीत आहे. रेशनकार्डचा रंग, आधारवरचा पत्ता, "आज खाट रिकामी नाही", हे त्याच कागदाचं दुसरं पान आहे. हजारो कोटींचे बोगदे स्वतःच्या पैशांनी बांधणाऱ्या पालिकेला गोवंडीचं रुग्णालय चालवायला भागीदार का लागतो, याचं उत्तर आधी द्यावं.

ज्याकडे आपण सर्वांत कमी पाहतो तो भाग म्हणजे घरातली सेवा. अर्धांगवायूने खिळलेले अब्बा, सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल, विसरभोळी झालेली दादी. दहा बाय बाराच्या खोलीत त्यांना सांभाळतं कोण? बहुतेक घरांत एखादी मुलगी किंवा सून, आणि तिचं कॉलेज किंवा काम सुटतं. आपण तिच्या सब्राचं कौतुक करतो. तिला सब्र नको आहे, दिवसातून चार तास सुटका हवी आहे. जवळ फिजिओथेरपी हवी, मुलासाठी विशेष शिक्षक हवा. राज्याचा नियम आहे की स्थानिक संस्थांनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के दिव्यांग कल्याणासाठी राखून ठेवून खर्च करायचे. मुंबई पालिकेने २०२४ पासून दिव्यांगांना थेट अर्थसहाय्यही सुरू केलं: दर सहा महिन्यांना पिवळं यूडीआयडी कार्ड असणाऱ्यांना ६ हजार आणि निळं कार्ड, म्हणजे ८० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असणाऱ्यांना १८ हजार. तुमच्या गल्लीत किती जणांकडे हे कार्ड आहे? रमजानमध्ये एका घराला किट देण्याइतक्याच मेहनतीत एक कार्ड निघतं, आणि ते वर्षाला दोनदा पैसे मिळवून देतं.

आता तीन आक्षेप. पहिला आक्षेप: झोपडपट्टीवाले कर कुठे भरतात? भरतात. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. तिच्या बदल्यात राज्य सरकार पालिकेला दरवर्षी नुकसानभरपाई देतं, आणि पालिकेच्या उत्पन्नातल्या सर्वांत मोठ्या वाट्यांपैकी तो एक आहे. ती भरपाई येते आपण साबण, चप्पल, मोबाइल घेताना भरलेल्या कराच्या पैशांतून. बैंगनवाडीतला जरीकाम करणारा कारागीर पालिकेला पोसतो आणि त्याला ते कुणी सांगत नाही.

दुसरा आक्षेप आपल्याच लोकांचा: आपल्याला कोण देणार? नाव वाचून फाइल बाजूला ठेवतात. भेदभाव आहे, मी तो नाकारत नाही. पण दवाखान्याच्या रांगेत फक्त मुसलमान उभे नाहीत. मानखुर्दचा बौद्ध तरुण, मातंग समाजातली सफाई कामगार, उत्तर प्रदेशातून आलेला रिक्षावाला, सगळे त्याच रांगेत आहेत. "मुसलमानांना दवाखाना द्या" या मागणीला तुम्ही एकटे पडता. "५० हजारांमागे एक केंद्र हा निकष इथे पाळा" या मागणीला सगळा वॉर्ड तुमच्याबरोबर येतो, आणि ती नाकारणाऱ्याला कारण लिहून द्यावं लागतं.

तिसरा आक्षेप: तुम्हाला विकास नको आहे का? हवा आहे. चांगला रस्ता ॲम्ब्युलन्सलाही लागतो. नाले, बाग, दिवे, सगळं हवं. माझं भांडण क्रमाशी आहे. ज्या विभागात मुलं गोवराने मरतात, तिथला पहिला रुपया लसीचा आणि तिची पेटी खांद्याला लावून फिरणाऱ्या बाईचा. झाडावरच्या माळेचा रुपया त्यानंतर.

जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली. आता २२७ नगरसेवक आहेत, सभागृह आहे, प्रभाग समित्या आहेत. "साहेब, निवडून आलेलं कुणीच नाही" ही सबब गेली आणि त्याबरोबर आपलीही सबब गेली. म्हणून, दोस्तांनो, कामाला लागायचं तर चार गोष्टी सांगते.

अर्थसंकल्प पालिकेच्या संकेतस्थळावर असतो, मराठीतही. आपल्या विभागाचं पान काढा आणि तीन रकाने शेजारी ठेवून वाचा: तरतूद किती, सुधारित अंदाज किती, प्रत्यक्ष खर्च किती. फेब्रुवारीत मोठ्या आकड्याची बातमी होते. वर्षभराने तो आकडा कापला गेला की बातमी होत नाही. खरी चोरी तिथे सापडते. दुसरं, खर्च झाला नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तिसरं, कायद्यानुसार प्रत्येक प्रभाग समितीवर त्या भागात काम करणाऱ्या संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी घेता येतात. आपल्या ट्रस्टांकडे ॲम्ब्युलन्स आहेत, मग त्यांनी तिथली खुर्ची का मागू नये? चौथं, नगरसेवकाला उद्घाटनाला बोलवण्याआधी त्याच्याकडून लेखी घ्या की आरोग्य स्वयंसेविकांच्या वेतनावर आणि रुग्णालयांच्या खासगीकरणावर तो सभागृहात कोणत्या बाजूने हात वर करणार.

भिवंडी, मालेगाव, मुंब्रा, औरंगाबाद, सोलापूर, तुम्ही कुठेही असा, आकडे बदलतील, रकाने तेच राहतील. शिबिरं भरवा, रुग्णांना रक्त द्या, गरजूच्या दारात जा. फक्त प्रत्येक शिबिराच्या दारावर एक कागद लावा: हे काम कोणाचं होतं, त्यासाठी किती रुपये मंजूर होते आणि ते कुठे गेले. शिबिर संपल्यावर तो कागद गुंडाळून घरी नेऊ नका. वॉर्ड ऑफिसात नेऊन द्या आणि पोच घ्या.