वाहनाची उंची आणि ओझ्याची मर्यादा

डहाणू व तलासरी या तालुक्यांतील शेतमालाची वाहतूक आता पुष्कळ अंशी जीप आणि छोट्या पिकअप गाड्यांवर येऊन ठेपली आहे. किनाऱ्यालगतच्या बोर्डी-घोलवडच्या वाड्यांतील चिकू, पूर्वेकडील सायवन व उधवा या डोंगराळ बाजूचे भात, गवत आणि भाजीपाला, परतीच्या खेपेस खताच्या गोण्या, सिमेंट व पत्रे, असे नाना प्रकारचे ओझे याच गाड्या वाहतात. वाटेचा मोठा भाग कच्चा असतो. काही हंगामांत मागचे पाटे बसतात आणि गाडीचे बूड दगडास लागू लागते. मग मालक कारागिराकडे जाऊन एखाद-दुसरा पाटा वाढवितो किंवा ॲक्सल व पाटे यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे घालून गाडी उंच करून घेतो. उंच झालेली गाडी ओझेही अधिक पेलील, असा त्यामागे समज असतो. हा समज चुकीचा असून तो टाकून देणे शेतकऱ्याच्या हिताचे आहे.

वाहनाची भारक्षमता एकट्या पाट्यांवर ठरत नाही. ॲक्सल, चाकांची बेअरिंगे, टायर, चासी आणि ब्रेक या सर्वांचा विचार करून कारखानदार ती ठरवितो. बैलगाडीचा आख जाड केला म्हणून बैलांच्या खांद्यांत अधिक बळ येत नाही, तसेच येथेही आहे. पाटे वाढविल्याने गाडी ओझ्याखाली वाकलेली दिसत नाही, इतकेच. जादा भाराची खूण नाहीशी होते, पण भार मात्र तेवढाच राहतो. तो ब्रेकवर आणि टायरवर पडतो, आणि उताराच्या वळणावर त्याची जाणीव होते तेव्हा उपायाची वेळ टळलेली असते. ठोकळ्यांनी तर भारक्षमता तिळमात्र वाढत नाही.

उंचीच्या लाभाविषयीही गैरसमज आहे. पाट्यांची वा ठोकळ्यांची उंची वाढविली की वर जातो तो गाडीचा सांगाडा. मागच्या ॲक्सलचा मधला गोळा, जो चाकोरीच्या मधल्या उंचवट्यास प्रथम लागतो, तो होता तेथेच राहतो. तो वर उचलायचा तर टायरच मोठा हवा, आणि टायरचा व्यास ५ सेंटिमीटरने वाढविला तरी गोळा अडीच सेंटिमीटरच वर येतो. शिवाय मोठ्या टायरमुळे ब्रेकचा परिणाम उणावतो आणि वेगदर्शक काटा खऱ्याहून कमी वेग दाखवितो. चिकूच्या वाडीत आणखी एक अडचण उद्भवते. या झाडाच्या फांद्या खालपर्यंत पसरलेल्या असतात. उंच केलेली व वर क्रेट रचलेली गाडी त्या फांद्यांना घासते आणि झाडाचे नुकसान करते.

सर्वांत मोठा धोका तोल जाण्याचा होय. समजा, दोन चाकांमधील आडवे अंतर १४० सेंटिमीटर आहे आणि भरलेल्या गाडीचा भारमध्य जमिनीपासून ८० सेंटिमीटरवर आहे. गाडी उंच करून आणि क्रेटचे थर वाढवून तोच भारमध्य १०० सेंटिमीटरवर नेला, तर गाडीची कलंडण्यापासून बचाव करण्याची शक्ती पाचव्या हिश्शाने घटते. पावसाने कडेला खचलेल्या वाटेवर एवढी घट जीवघेणी ठरू शकते.

तेव्हा गाडी उंच करण्याआधी तिच्यावर नेमके किती वजन चढते, हे पाहणे अगत्याचे आहे. नोंदणी पुस्तकात रिकाम्या गाडीचे वजन आणि भारासह कमाल वजन, असे दोन आकडे असतात. त्यांतील फरक म्हणजे एकूण वाव, आणि चालक, सोबतची माणसे, रिकामे क्रेट, दोर व ताडपत्री ही सर्व त्यातच मोजावी लागतात. उदाहरणार्थ, हा फरक १,२०० किलो आहे असे धरू. वीस किलो चिकू भरलेला क्रेट, क्रेटच्या वजनासह, सुमारे २२ किलोंचा होतो. असे ५० क्रेट म्हणजे १,१०० किलो, आणि दोन माणसांचे १३० किलो मिळवले की मर्यादा ओलांडलीच. पन्नास क्रेट डोळ्यांना फार वाटत नाहीत, म्हणून डोळ्यांवर न विसंबता एकदा वजनकाट्यावर गाडी न्यावी आणि क्रेटची संख्या ठरवून ती फाळक्यावर रंगवून ठेवावी. कच्च्या वाटेवर त्याहूनही कमी भरणे उचित. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने विलीस जीपची नोंद पाव टन वर्गातील ट्रक म्हणून केली होती, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

भार कोठे ठेवावा, हे बैलगाडी हाकणाऱ्यास शिकवावयास नको. मागे भार झाला की गाडी उलाळ होते आणि जू वर उचलले जाते. मोटारीत जू नसते, पण मागच्या ॲक्सलच्या पलीकडे ठेवलेले ओझे पुढची चाके हलकी करते आणि सुकाणू ऐकेनासे होते. जड गोण्या तळाशी व केबिनला लागून, हलके ओझे वर, आणि सर्व दोरांनी आवळून बांधलेले असावे. टायरमधील हवा कारखानदाराने भारासाठी सांगितली असेल तेवढी ठेवावी.

बसलेले पाटे तसेच वापरावेत, असा याचा अर्थ नव्हे. ते अवश्य बदलावेत, परंतु त्याच मापाचे नवे घालावेत आणि शॉकअब्सॉर्बरही तपासून घ्यावेत. फाजील कडक पाट्यांवर अर्धी भरलेली गाडी उसळते आणि फळ आदळते. चिकू कठीण असतानाच तोडला जातो. त्यास लागलेला मार वाडीत दिसत नाही, फळ पिकू लागल्यावर बाजारात दिसतो आणि भाव पडतो. डहाणू-घोलवडच्या चिकूस २०१६ मध्ये भौगोलिक निर्देशनाचा मान मिळाला. तो मान बाजारपेठेपर्यंत टिकवून धरण्याचे काम वाहतुकीचेही आहे.

कायद्याचा भागही विसरता येत नाही. कारखानदाराच्या मूळ रचनेस सोडून गाडीत फेरफार करण्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ची आडकाठी आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भारास २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनास २,००० रुपये दंड आहे.

दोन खेपांना डिझेल अधिक लागते, हा आक्षेप खरा आहे, आणि लहान शेतकऱ्यास तो खर्च जाणवतो. परंतु फुटलेला टायर, मोडलेला ॲक्सल आणि मार लागलेला माल यांचा खर्चही त्याच वहीत लिहिला पाहिजे. गावाने एकत्र येऊन पावसाळ्यानंतर वाटेवरील दोन-चार वाईट जागा मुरूम-दगडाने भरून काढल्या, तर अनेक गाड्या उंच करण्याची गरजच उरणार नाही. आणि संध्याकाळी वाडीतून परतणारी मजूर माणसे क्रेटच्या राशीवर बसवून नेण्याची रीत तर तत्काळ बंद व्हावी. गाडी कलंडली तर माल पुढच्या हंगामात पुन्हा पिकेल, पण त्या राशीवरचे माणूस परत येणार नाही.