साठी बुद्धी नाठी? आधी साखर तपासा!

'साठी बुद्धी नाठी' असं म्हणून आपण किती सहज मोकळे होतो! सासूबाई गॅस बंद करायला विसरल्या, आईने एकच गोष्ट तीनदा विचारली, की 'वय झालं आता' हे उत्तर ठरलेलं. पण मैत्रिणींनो, या विसरण्यामागे नुसतं वयच नाही, तर वर्षानुवर्षं वाढलेली साखर आणि ब्लडप्रेशरही असू शकतं.

स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या १४ गोष्टींची यादी 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये दिली. त्यात मधुमेह, उच्च रक्तदाब, लठ्ठपणा आहेतच. वाईट कोलेस्टेरॉलची भर नव्याने पडली. या चौदाही गोष्टींवर इलाज झाला, तर जवळपास ४५ टक्के रुग्णांमध्ये हा आजार टळू शकतो किंवा लांबू शकतो, असं आयोग म्हणतो. कारण साधं आहे. साखर आणि दाब मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब करतात. हे काम साठीत नव्हे, चाळिशी-पन्नाशीतच गुपचूप सुरू होतं.

आपल्याकडचं चित्र काय? २०२३ च्या एका पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये प्रमाण जास्त! त्याला कारणं अनेक असतील. पण नवऱ्याच्या गोळ्यांच्या वेळा पाठ असणाऱ्या किती जणींना स्वतःची साखर शेवटची कधी तपासली, हे सांगता येईल?

दिलासाही आहे. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या सुमारे १२६० जणांवर दोन वर्षं प्रयोग झाला. योग्य आहार, व्यायाम, बुद्धीला चालना आणि रक्तदाब-वजनावर नजर, एवढंच. २०१५ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा नुसता सल्ला मिळालेल्यांपेक्षा या मंडळींची बुद्धी चाचण्यांमध्ये सरस ठरली होती. म्हणजे साठीनंतरही उशीर झालेला नसतो.

मात्र गोळ्या स्वतःच्या मनाने कमी-जास्त करू नका. साखर फार खाली गेली, तरी वृद्ध माणूस गोंधळतो, असंबद्ध बोलतो. घरात कुणाचं विसरणं वाढलं असेल, तर डॉक्टरांकडे जाताना साखर-बीपीची फाइल सोबत न्या. थायरॉइड आणि बी-१२ बद्दलही विचारा. आणि हो, त्याच फेरीत आपलंही रक्त तपासून घ्या. आईची काळजी घेताना आपली चाळिशी विसरून कसं चालेल?