त्याला गिटार वाजवू द्या



गेल्या वर्षी गणपतीच्या कार्यक्रमात आमच्या चिरंजीवांना इलेक्ट्रिक गिटार वाजवायची होती. "असला गोंगाट बाप्पासमोर नको," असे म्हणणाऱ्यांत मीच सर्वांत पुढे होते. त्याने वाद घातला नाही, पण नंतर हळूहळू मराठी वर्गाला येणेच सोडले. म्हणून आज लिहायला बसले.

तो तेव्हा एकच अल्बम सारखा ऐकत असे. 'ब्लॉटेड सायन्स' या अमेरिकन त्रिकुटाचा, २००७ सालचा 'द मॅकिनेशन्स ऑफ डिमेन्शिया'. संगीताच्या या प्रकाराला टेक्निकल डेथ मेटल म्हणतात. नाव ऐकूनच माझ्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या.

एका संध्याकाळी मी त्याच्या खोलीत जाऊन बसले आणि म्हटले, "मला समजावून सांग." मग कळले की मेटलचे मूळ इथलेच, बर्मिंगहॅमचे. 'ब्लॅक सॅबथ'चे टोनी आयोमी १७ वर्षांचे असताना कारखान्यातल्या यंत्रात त्यांच्या दोन बोटांची टोके तुटली. त्यांनी प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, तारा सैल लावल्या आणि वादन चालू ठेवले. त्यांचा पहिला अल्बम १९७० चा.

डेथ मेटलमध्ये एरवी घशातून गुरगुरत गातात. या अल्बममध्ये मात्र गायकच नाही. बेसवर ॲलेक्स वेब्स्टर, ड्रमवर चार्ली झेलेनी, आणि सगळा डोलारा टेक्सासच्या रॉन जारझोम्बेक यांच्या गिटारवर. विषय मेंदू आणि झोप. एका तुकड्याचे नाव आहे 'ॲडेनोसिन बिल्डअप'. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन साठत जाते, म्हणून आपल्याला झोप येते. आपला चहा नेमका त्यालाच अडवतो!

"आई, यात शब्दच नाहीत," तो म्हणाला. "मग हे मराठी नाही म्हणून तू का रागावतेस?"

माझ्याकडे उत्तर नव्हते.

त्याने कागदावर घड्याळ काढले आणि आकड्यांच्या जागी बारा स्वर लिहिले. या बारा स्वरांचे गट पाडून जारझोम्बेक रचना करतात. मूळ कल्पना व्हिएन्नाच्या शोनबर्ग यांची, १९२० च्या दशकातली. बाराही स्वरांना सारखाच मान. मी म्हटले, "आपलेही बाराच. सात शुद्ध, चार कोमल, एक तीव्र. पण यात सा कुठे आहे?" तो हसला. "सा नाहीच. तीच तर गंमत!"

तेव्हा कळले, मला हे ऐकताना हरवल्यासारखे का होते. आपल्या कानाला तंबोऱ्याच्या षड्जाची सवय. इथे परतायला घरच नाही. पण वेग, हिशेब, तिघांनी एका क्षणी समेवर यावे तसे थांबणे, हे सारे रियाजाशिवाय होत नाही. ते मला नक्की ओळखू आले.

मग मी त्याला 'कॉल ऑफ द व्हॅली' ऐकवला. १९६७ सालचा. शिवकुमार शर्मांचा संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरांची गिटार. होय, गिटारच! शब्द एकही नाही, तरी मेंढपाळाचा अख्खा दिवस डोळ्यांपुढे उभा राहतो. तो शेवटपर्यंत ऐकत बसला आणि विचारले, "आई, कोमल म्हणजे नक्की काय?" कित्येक महिन्यांनी त्याने मला मराठीत काहीतरी विचारले होते.

मला हा अल्बम आवडू लागला, असे मुळीच नाही. तीन तुकड्यांनंतर डोके दुखते. बाप्पासमोर आवाज बेताचा हवा, हेही मान्य. पण न ऐकताच 'नको' म्हणणे चूक होते, आणि ती चूक माझी होती.

तेव्हा माझी सूचना अशी. यंदाच्या कार्यक्रमात मोठ्या मुलांना पाच मिनिटे द्यावीत. वाद्य कोणतेही चालेल. अट एकच. वाजवण्यापूर्वी आपण काय वाजवणार आहोत, ते त्यांनी मराठीतून सांगावे.

आपल्याला काय वाटते? पुढच्या अंकासाठी जरूर लिहा. मुलांनो, तुम्हीसुद्धा!

— एक आई