रॅफल्स प्लेसमधील कार्यालयीन इमारतीच्या प्रवेशव्यवस्थेबाबत निवेदन

प्रति,
मा. व्यवस्थापक,
इमारत व्यवस्थापन कार्यालय,
रॅफल्स प्लेस, सिंगापूर

विषय : पाहुण्यांच्या ओळखपत्रांची हाताळणी, गॅन्ट्रीवरील तपासणी, मागचे दार आणि आपत्कालीन वाटा यांबाबत.

महोदय,

आम्ही या इमारतीच्या वेगवेगळ्या मजल्यांवर काम करणारे मराठी नोकरदार आहोत. निवेदनाची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयात स्वतंत्रपणे देत आहोत. हा मराठी मसुदा अशासाठी, की सही करणाऱ्याने आपण कशाखाली सही करतो आहोत ते आपल्या भाषेत वाचलेले असावे.

गेल्या महिन्यात आमच्या एका सहकाऱ्याचे वडील मुलाचे ऑफिस पाहायला आले होते. काउंटरवर त्यांचा पासपोर्ट ठेवून घेतला आणि हातात पाहुण्याचे कार्ड दिले. सत्तरी ओलांडलेला माणूस, परका देश, आणि पासपोर्ट उघड्या ट्रेमध्ये. वरून नदी दिसते, काठावरचा ‘बोट की’ धक्का दिसतो. पण तासभर त्यांचा जीव खालच्या ट्रेमध्येच होता. कुणाला हा भित्रेपणा वाटेल, आम्हाला तो शहाणपणा वाटतो.

१ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या सिंगापूरच्या वैयक्तिक माहिती संरक्षण आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार, कायद्याने आवश्यक असल्याशिवाय किंवा ओळख अगदी काटेकोर पटवण्याची खरीच गरज असल्याशिवाय, संस्थांनी एनआरआयसी (राष्ट्रीय ओळखपत्र) क्रमांक नोंदवू नयेत आणि ओळखपत्र ठेवून घेऊ नये. परदेशी नागरिकांच्या कागदपत्रांबाबतही हीच काळजी अपेक्षित आहे. मुलाला भेटायला आलेल्या बापाच्या बाबतीत अशी कोणती गरज होती? ओळखपत्र पाहावे, चेहरा जुळवावा, परत द्यावे. ज्याच्याकडे जायचे त्याला फोन करून खात्री करावी. खरी तपासणी तीच. पाहुण्यांची नोंद किती दिवस ठेवणार आणि कधी पुसणार, हे काउंटरवर लिहून लावावे. नुसता क्रमांक बरोबर सांगितला म्हणून कुणाला आत सोडणेही थांबवावे. डिसेंबर २०२४ मध्ये बिझफाइल या सरकारी कंपनी-नोंदणीच्या नव्या पोर्टलवर लोकांचे पूर्ण एनआरआयसी क्रमांक कुणालाही शोधता येत होते. त्यामुळे क्रमांक माहीत असणे हा ओळखीचा पुरावा राहिलेला नाही.

दुसरी गोष्ट गॅन्ट्रीची, म्हणजे कार्डाने उघडणाऱ्या प्रवेशफाटकाची, आणि इथे दोष आमच्याकडेही आहे. सकाळी पावणेनऊला एकाच्या कार्डावर दोघे आत जातात. मागच्यासाठी दार धरून ठेवावे हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेले आहे. ती सवय इथे मोडावी लागेल. पण गार्ड काकांनी हटकले की कोटातला माणूस त्यांच्यावरच खेकसतो, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. सुरक्षा कर्मचाऱ्यांना त्रास देणाऱ्यांसाठी १ मे २०२२ पासून कायद्यात जास्त कडक शिक्षा आहेत. त्याची पाटी लॉबीत लावावी. हटकणे हा गार्डचा आगाऊपणा नसून व्यवस्थापनाचा आदेश आहे, असे पत्र प्रत्येक भाडेकरू कंपनीला द्यावे. बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या या माणसांना बसायला उंच स्टूलही द्यावे. थकलेल्या डोळ्यांना चेहरे ओळखू येत नाहीत.

नोकरी सोडलेल्या माणसाचे कार्ड त्याच दिवशी बंद व्हावे, एवढीच तिसरी मागणी.

मागच्या बाजूला माल उतरवण्याचे दार आहे. दुपारी ते खोक्याचा अडसर लावून उघडे ठेवलेले असते. पुढे काच, कॅमेरे, गॅन्ट्री. मागे परसदार सताड उघडे. आमच्याकडे रायगडाच्या हिरकणीची कथा घरोघर सांगतात. संध्याकाळी गडाचे दरवाजे बंद झाले म्हणून ती गवळण तान्ह्या बाळासाठी कडा उतरून गेली. शिवाजी महाराजांनी तिचा गौरव तर केलाच, पण त्या जागी बुरूजही बांधून घेतला, असे सांगतात. बाई जिथून उतरू शकते, तिथून शत्रू चढू शकतो. आपल्या बुरुजाची जागा ते मागचे दार आहे. तिथे कार्ड, कॅमेरा आणि दार अर्ध्या मिनिटाहून जास्त उघडे राहिले तर वाजणारी घंटा बसवावी.

त्याच कथेतली दुसरी बाजू मात्र आम्हाला जास्त सतावते. बंद दरवाजा आतल्यालाही अडवतो. २१ नोव्हेंबर १९७२ रोजी सकाळी याच रॅफल्स प्लेसमध्ये रॉबिन्सन्स या प्रसिद्ध दुकानाला आग लागली. नऊ जण दगावले, त्यांतले बहुतेक लिफ्टमध्ये अडकलेले होते. आज आमच्या मजल्यांवर जिन्याच्या दारांनाही चुंबकी कुलुपे आहेत. आगीची घंटा वाजली किंवा वीज गेली तर ती आपोआप उघडतात का? गॅन्ट्रीचे पंख मोकळे होतात का? हे आम्हाला कुणी दाखवलेले नाही. लेखी उत्तर नको, प्रत्यक्ष दाखवा. व्हीलचेअर वापरणाऱ्या सहकाऱ्याला लिफ्ट बंद असताना कोण आणि कसे खाली नेणार, तेही त्याच वेळी ठरवा.

इमारतीतल्या आपत्कालीन घोषणा सध्या फक्त इंग्रजीत होतात. सफाई करणाऱ्या बायका, तळमजल्यावरच्या स्टॉलमधली माणसे, दुरुस्तीला येणारे कामगार यांच्यातल्या अनेकांना त्या कळत नाहीत. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर उद्घोषक विष्णू झेंडे यांनी दहशतवाद्यांचा गोळीबार सुरू असताना केबिनमधून प्रवाशांना मागच्या बाजूने बाहेर पडण्याच्या सूचना देणे चालू ठेवले. माइकवर बसलेल्या त्या एका माणसामुळे अनेकांचे प्राण वाचले. लोकांना कळेल अशा भाषेत, नेमकी वाट सांगणारा आवाज, ही सर्वांत स्वस्त सुरक्षा आहे. मँडरिन, मलय, तमिळ आणि बंगालीत छोट्या सूचना आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात. वाचून दाखवायला माणसे लागली तर आम्ही शोधून देऊ.

या मागण्यांवर तीस दिवसांत आमच्या प्रतिनिधींना भेटीची वेळ द्यावी. इमारत रिकामी करण्याचा पहिला सराव २१ नोव्हेंबरच्या आठवड्यात, सकाळी कामाच्या ऐन वेळेत घ्यावा. लोकांची गैरसोय होईल म्हणून तो शनिवारवर ढकलू नये, ही आग्रहाची विनंती.

आपले विश्वासू,
इमारतीतील मराठी नोकरदार
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे.)