बोनस मिळाला, आता साहेबांना काय म्हणायचं?

बोनस खात्यात जमा झाला की कचेरीत एक प्रश्न हमखास निघतो. साहेबांना जाऊन थँक यू म्हणायचं का? माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: म्हणा. एकदाच म्हणा, थोडक्यात म्हणा आणि योग्य माणसाला म्हणा. त्याच दिवशी पगाराची स्लिप उघडून आकडाही तपासा. एक केलं म्हणून दुसरं करायचं नाही, असं काही नसतं.

जुने युनियनवाले यावर नाक मुरडतील. बोनस आपल्या घामाचा, त्याचे आभार कसले? त्यांचं बोलणं हसण्यावारी नेऊ नका, त्यामागे मोठा इतिहास आहे. पहिल्या महायुद्धात मुंबईच्या गिरण्यांना रग्गड नफा झाला आणि मालकांनी कामगारांना बोनस द्यायला सुरुवात केली. पुढे मंदी आली आणि तो बंद झाला. १९२४ साली दीड लाखाच्या आसपास गिरणी कामगार त्यासाठी संपावर गेले. सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने निकाल दिला की बोनसवर कामगारांचा कायदेशीर हक्क नाही. म्हणजे तो मालकाच्या मर्जीचा. हे चित्र पालटायला चाळीस वर्षं लागली. १९६५ मध्ये बोनसचा कायदा झाला आणि मर्जीची गोष्ट देण्याची झाली. आता २०१९ च्या वेतन संहितेत तोच कायदा सामावून घेतला आहे.

या कायद्यातले दोन-तीन आकडे प्रत्येक नोकरदाराला ठाऊक असावेत. किमान बोनस ८.३३ टक्के, कमाल २० टक्के. कंपनी तोट्यात असली तरी किमान बोनस चुकत नाही. वर्षात निदान ३० दिवस काम केलेलं असलं की पुरे. म्हणजे मध्येच नोकरी सोडलेल्यालाही तेवढ्या काळाचा बोनस मागता येतो, लाजायचं कारण नाही. २०१५ च्या दुरुस्तीने महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेले लोक यात आले. मात्र हिशेब पूर्ण पगारावर होत नाही. महिना ७,००० रुपये किंवा सरकारने ठरवलेलं किमान वेतन, यांतला जो आकडा मोठा तो धरतात. म्हणून अठरा हजार पगार असलेल्या माणसाला दीड हजार महिन्यामागे मिळतील असं वाटतं आणि हातात कमी पडतात. त्यात दर वेळी कंपनीची लबाडी नसते. आधी हिशेब समजून घ्या, मग रागवा.

आता जे कायद्यानेच द्यावं लागतं, त्याबद्दल मालकापुढे वाकायची गरज नाही. पण वाकणं वेगळं आणि दोन बरे शब्द बोलणं वेगळं. आपल्या लोकांची अडचण इथेच होते. आपल्याकडे आभार तोंडाने मानायची सवय फारशी नाही. घरात कुणी 'आभारी आहे' म्हणालं तर समोरचा दचकेल, रुसलाय की काय म्हणून. त्यामुळे कचेरीत आपण एकतर काहीच बोलत नाही, नाहीतर एकदम 'तुम्ही आमचे मायबाप' पर्यंत जाऊन पोहोचतो. मधली जागा आपल्याला सापडत नाही. ती अशी: 'साहेब, बोनस जमा झाला. वेळेवर झाला, बरं वाटलं. थँक यू.' संपलं. एवढ्याने कुणाचा ताठा जात नाही आणि कुणाचा हक्कही जात नाही.

कायद्याचा बोनस असेल तर माझ्या मते पहिलं थँक यू अकाउंट्समधल्या माणसाला द्यावं. सणाआधी सगळ्यांच्या खात्यात पैसे पडावेत म्हणून तो रात्री उशिरापर्यंत याद्या तपासत बसलेला असतो आणि त्याच्याकडे लोक फिरकतात ते फक्त तक्रार घेऊन.

तुमच्या कामगिरीवर जादा बोनस मिळाला असेल तर गोष्ट वेगळी. तिथे कुणीतरी तुमच्यासाठी शब्द टाकलेला असतो. बहुतेक वेळा तो तुमचा थेट वरिष्ठ असतो; मोठ्या साहेबांना तुमचं नावही माहीत नसतं. आभार त्या वरिष्ठाचे माना आणि कशाचे ते नेमकं सांगा. लिहायचंच झालं तर असं लिहा: 'मॅडम, या वर्षीचा बोनस कळला. मार्चमधल्या कामाची तुम्ही वर नोंद केलीत, त्याबद्दल मनापासून आभार. पुढच्या वर्षीही असंच काम करू.' याच मेसेजच्या शेपटीला 'जाता जाता, मंगळवारी सुट्टी मिळेल का' असं जोडू नका. प्रमोशनचंही नको. मागण्या करायला वर्षभर पडलं आहे.

सर्वांत मनापासून आभार मानायचे ते छोट्या मालकाचे. भोसरीत किंवा सातपूरला सात-आठ माणसांचं वर्कशॉप चालवणाऱ्याला बोनसचा कायदा सहसा लागत नाही. तरी तो दिवाळीला पाकीट देतो, कधी स्वतःची उधारी थकवून देतो. त्याला समोर जाऊन सांगा, त्याच दिवशी सांगा, आणि पैशाचं काय करणार तेही सांगा. 'पोरीची फी भरून टाकतो' हे ऐकून त्याला जे वाटेल ते शंभर थँक यूंनी वाटणार नाही.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर मात्र आभार नकोत. एकाने हात जोडले की पंचवीस जण जोडतात, कारण न जोडणारा उठून दिसतो. त्या ग्रुपात एखादा असाही असतो ज्याला या वेळी काहीच मिळालेलं नाही, आणि त्याला प्रत्येक टिंगेसरशी ते आठवत राहतं. आकडे विचारत फिरणंही सोडा. साहेबांना परतभेट म्हणून घड्याळ, चांदीचं नाणं वगैरे तर मुळीच देऊ नका. फराळाचा डबा ठीक आहे, तोही सगळ्या टेबलांवर फिरणारा.

बोनस अपेक्षेपेक्षा कमी आला तर? त्या दिवशी थँक यू म्हणून गप्प बसा. दोन-तीन दिवस जाऊ द्या. मग स्लिप घेऊन जा आणि विचारा, 'हा आकडा कसा काढला ते मला समजावून सांगाल का?' या प्रश्नात भांडण नाही, पण उत्तर द्यावंच लागतं. उत्तर पटलं नाही तर लेखी विचारा. आधी थँक यू म्हटलं होतं म्हणून तोंड बंद झालं, असं समजू नका.

मालकांना आणि साहेबलोकांना एकच सांगतो. कायद्याने देणं लागतं ते देताना समारंभ करू नका. पाकीट हातात ठेवून फोटो काढायचा, मग 'कंपनीने तुमच्यासाठी किती केलं' यावर वीस मिनिटं भाषण, हे बघवत नाही. सोनपापडीचा डबा देऊन त्याला बोनस म्हणणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

आणि एक राहिलं. बोनसची वाट बघणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी भांडी-धुणं करायला, स्वयंपाकाला मावशी येतात. त्यांच्यासाठी बोनसचा कायदा नाही, फक्त रीत आहे: दिवाळीला एका महिन्याचा पगार. तो लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी देऊन काय उपयोग? तोवर बाजार उरकलेला असतो. वसुबारसेच्या आठवडाभर आधी द्या, पूर्ण द्या, जुनी साडी आणि उरलेला चिवडा त्यात धरू नका. आणि त्या काही न बोलता पैसे पदराला बांधून कामाला लागल्या तर वाईट वाटून घेऊ नका.