विनंती अर्ज ऐसा जे

मराठीचा प्राध्यापक म्हणजे अर्ज लिहून देणारा माणूस, अशी आमच्या भागात एक समजूत आहे. आणि ती अगदीच खोटी नाही. विहिरीच्या पाण्याच्या वाटणीपासून बदलीच्या विनवणीपर्यंत नाना तऱ्हेचे अर्ज मी आजवर लिहून दिले आहेत. पण गेल्या पावसाळ्यात भुदरगड तालुक्यातल्या एक मावशी धाकट्या मुलाला घेऊन दारात उभ्या राहिल्या, त्यांचा अर्ज निराळा होता. धाकटा आमच्याच कॉलेजात शिकतो; थोरला वेल्डिंगच्या कामावर आखातात गेलेला. चार महिने त्याला पगार नाही, पासपोर्ट मालकाच्या कपाटात, आणि आठवडाभर फोनही नाही.

"तुमी मराठीचं मास्तर न्हवं? मग सरकारला येक अर्ज लिवून द्या की. पैसं ऱ्हाऊ द्यात, पोरगं तेवढं माघारी येऊ दे."

मी सवयीने कागद ओढला, आणि पहिल्याच ओळीला अडलो. सरकारला म्हणजे कोणाला? तलाठ्याला, कलेक्टरला, की दिल्लीला?

शोध घेतला तेव्हा माझ्या अज्ञानाची मलाच लाज वाटली. सोय आहे, आणि ती बऱ्यापैकी आहे. परराष्ट्र मंत्रालयाने २०१५ साली 'मदद' नावाची तक्रारखिडकी संगणकावर उघडली. घरच्या माणसाने तीत तक्रार नोंदवली की तिला क्रमांक मिळतो आणि ती त्या त्या देशातल्या आपल्या वकिलातीकडे जाते. वकिलातींपाशी २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. अडकलेल्या गरजूला निवारा, औषधोपचार, वकील, परतीचे तिकीट, आणि दुर्दैवाने वेळ आलीच तर मृतदेह मायदेशी आणण्याचा खर्च या निधीतून होऊ शकतो. ही खैरात नव्हे. वकिलातीत कामासाठी येणाऱ्यांकडून जे लहानसे शुल्क घेतात त्यातूनच मुख्यतः तो निधी उभा राहतो.

आम्ही तिघे तक्रार भरायला बसलो. मालकाचे नाव व पत्ता? "कंपनी हाय मोठी," एवढेच मावशींना ठाऊक. कराराची प्रत? नाही. दलालाचा नोंदणी क्रमांक? नाही. विमा? नाही. देवाच्या तसबिरीमागून निघालेली पासपोर्टाची झेरॉक्स, एवढाच काय तो आमचा पुरावा! अधिक चौकशीत कळले की मुलगा कामाच्या नव्हे, पाहुण्याच्या व्हिसावर गेला होता. दलालाने नव्वद हजार घेतले होते. नोंदलेल्या एजंटाला सेवेबद्दल तीस हजार रुपये आणि वर कर, याहून अधिक घेण्याची मुभा नाही, हे मला तरी कुठे ठाऊक होते?

आता यातली गोम पाहा. १९८३ च्या कायद्याप्रमाणे दहावी न झालेला मजूर आखाती देश धरून अठरा देशांत कामाला निघाला, तर त्याला उत्प्रवासी संरक्षकाची मंजुरी लागते. त्या मंजुरीपायी मालकाची आणि कराराची छाननी होते आणि प्रवासी भारतीय विमा सक्तीने उतरवला जातो. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये. अपघाती मृत्यू वा कायमचे अपंगत्व आले तर दहा लाख. पण दहावी पास झालेल्याला मंजुरीची गरजच नाही. सरकार समजते, हा आता शहाणा झाला! मावशींचा थोरला दहावी पास. आम्ही मास्तरांनीच त्याला पास केले आणि कायद्याच्या छत्रीबाहेर उभे केले. शहाणपण मात्र आमच्या अभ्यासक्रमात नव्हतेच.

ही गोष्ट नवी नाही. गेल्या शतकात मॉरिशस, नाताळ, फिजीला मजूर 'गिरमिटा'वर जात, तेव्हाही संरक्षक नावाचा अधिकारी होता आणि अंगठाही रीतसर घेतला जाई. कागलला आणि कोल्हापुरात शिकलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी ती पद्धत बंद करावी असा ठराव ४ मार्च १९१२ रोजी कलकत्त्याच्या कौन्सिलात मांडला. अजाण माणसाला न समजलेला करार हा करारच नव्हे, हे त्यांच्या म्हणण्याचे सार. ठराव फेटाळला गेला. पण १९१७ साली ती भरती थांबली. आज अंगठ्याच्या जागी सही आली आहे. समजले किती, हा प्रश्न जिथल्या तिथे आहे.

केरळने १९९६ साली परदेशस्थ केरळीयांसाठी वेगळे खातेच काढले. आपल्याकडे निदान प्रत्येक कॉलेजात एक खिडकी का असू नये? जाणाऱ्या पोराला एवढेच सांगायचे: एजंटाचा नोंदणी क्रमांक सरकारच्या 'ई-मायग्रेट'वर ताडून पाहा, पाहुण्याच्या व्हिसावर कामाला जाऊ नको, तो तिथे गुन्हा आहे, पासपोर्ट, व्हिसा, करार यांच्या प्रती आईजवळ ठेव. आणि फसगत झालीच, तर मुंबईला उत्प्रवासी संरक्षकाची कचेरी आहे. तिथे आणि पोलिसांत दलालाविरुद्ध तक्रार करता येते.

आमची तक्रार अर्ध्या रिकाम्या रकान्यांनिशी गेली. पुढे त्याचा फोन आला, कंपनीचे नाव कळले, आणि वकिलातीच्या खटपटीने नवरात्रात मुलगा घरी आला. पगार बुडाला तो बुडालाच. घरावर नव्वद हजारांचे कर्ज राहिले ते निराळेच.

परवा तोच दारात आला, हातात नवा करार घेऊन. पुन्हा जायचे म्हणतो; कर्ज फेडायला दुसरी वाट नाही. मी चष्मा लावला. नोंदणी क्रमांक होता, तो ताडून पाहिला. पगाराचा आकडा होता, मालकाचा पत्ताही होता. सक्ती नसली तरी विमा आधी उतरव, असे बजावले.

"सर, अर्ज लिहायचा नाही ह्या वेळी," तो म्हणाला, "नुसता वाचून दाखवा."

मी एकेक ओळ मोठ्याने वाचली आणि मराठीत सांगितली. तास दीड तास लागला. इतक्या वर्षांच्या शिकवण्यात इतके मन लावून ऐकणारा विद्यार्थी मला क्वचितच मिळाला असेल.