साखर किती चमचे?

बालमजूर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कोण येतं? टपरीवरचा 'छोटू'. बरोबर ना? त्याच्यासाठी कायदा तरी आहे. ऑक्टोबर २००६ पासून ढाबे, हॉटेलं आणि घरकाम, सगळीकडे १४ वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला बंदी आहे.

पण आपल्या कॉफीतल्या साखरेमागची मुलं? ती कुणीच 'ठेवलेली' नसतात. दिवाळीच्या आसपास बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगार निघतात, ते मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. मुकादमाकडून उचल घेतात ती नवरा-बायको मिळून. या जोडीला म्हणतातच 'कोयता'. हिशोबात मुलं कुठेच नाहीत. पण पहाटे आई-बाप फडात गेले की कोपीवर तान्ह्याला सांभाळायचं कोणी? पाणी कोणी भरायचं? आठ-दहा वर्षांच्या ताईनं!

ही मजुरी की घरच्यांना हातभार? २०१६ ची कायद्यातली दुरुस्ती सांगते, शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत मुलांनी घरच्यांना मदत केली, तर चालेल. वाचायला एकदम ओके. प्रॉब्लेम एवढाच, की शाळा गावात आणि ताई फडावर. शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू आहे, त्यामुळे पटावर तिचं नाव असतं. पण अर्धं वर्ष बुडालं की वर्गातलं सगळं डोक्यावरून जातं. मग घरचेच म्हणतात, "नाहीतरी काही येत नाही हिला, कामाला तरी येऊ दे." शाळा सुटल्यामुळे काम की कामामुळे शाळा सुटली? काढा गुंता!

मॅगसेसे पुरस्कार मिळालेल्या शांता सिन्हा म्हणूनच शाळेबाहेरच्या प्रत्येक मुलाला बालमजूर मानतात. ऐकायला टोकाचं वाटतं, पण ताईला कायद्याच्या कुठल्याही व्याख्येत बसवून बघा, मग पटेल.

उपाय रॉकेट सायन्स नाही. हंगामी वसतिगृहाची सरकारी योजना आहे. आई-बाप गेले तरी मूल गावातच राहतं, जेवण मिळतं, शाळा चालू राहते. फक्त ती सोय गाडी हलायच्या आधी सुरू व्हायला हवी. एकदा ताई गाडीत बसली की वर्ष गेलंच.

तुमच्या ऑफिसात कधी गावच्या शाळेला कम्प्युटर द्यायची टूम निघाली, तर जरूर द्या. फक्त आधी गुरुजींना एक विचारा : दिवाळीनंतर वर्गात किती मुलं उरतात?